निकाल माहीत असलेला खेळ

मालिका पुन्हा लागते, सिनेमा पुन्हा लागतो, क्रिकेटचा जुना सामनासुद्धा पुन्हा लागतो; मग टीव्हीवरचे खेळांचे आणि प्रश्नमंजूषांचे कार्यक्रम पुन्हा का लागत नाहीत, यावरून मामांचं आणि माझं जुनं भांडण आहे. मामा जळगावचे, पोस्टातून निवृत्त झालेले. मी धुळ्याला कॉलेजात इतिहास शिकवते. मध्ये पारोळा-एरंडोलचा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता, त्यामुळे भांडण बहुतेक फोनवर. मामांकडे नव्वदच्या दशकात घरी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेट आहेत. 'अंताक्षरी', 'सांप-सीढी', 'सुरभि' असं निळ्या पेनाने लिहिलेलं. व्हीसीआर कधीचा बंद पडला, पण कॅसेट त्यांनी भंगारात जाऊ दिल्या नाहीत. त्यांचं करायचं काय, हे ठरवायला दिवाळीनंतर जळगावला गेले आणि दिवसभर आम्ही बोलतच बसलो. त्यातलं महत्त्वाचं इथे देते.

मामा : लॉकडाऊन लागलं तेव्हा २८ मार्च २०२०ला 'रामायण' पुन्हा सुरू झालं. १९८७ची मालिका. गोष्ट तर लहान पोरालाही पाठ. तरी लोक टीव्हीसमोरून उठेनात. दूरदर्शनने एप्रिलमध्ये 'डीडी रेट्रो' म्हणून चॅनलच काढलं. आता सांग, रामाला वनवास होणार हे माहीत असून आपण बघतो, मग उत्तर माहीत आहे म्हणून प्रश्नमंजूषा का बघायची नाही?

मी : मामा, गोष्टीत शेवट माहीत असला तरी मधलं सगळं उरतं. प्रश्नमंजूषेत उत्तर गेलं की मागे काय उरतं?

मामा : माणूस उरतो. बरं, हर्षवर्धन नवाथे आठवतो ना तुला?

मी : आठवतो की. २००० सालचा ऑक्टोबर, 'कौन बनेगा करोडपती'चा पहिला करोडपती. शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता. संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा कोणाला? ॲटर्नी जनरल.

मामा : बघ, तुला उत्तर आठवलं. मला प्रश्नही आठवत नाही. मला तो सत्तावीस वर्षांचा पोरगा आठवतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. आपल्या गल्लीत तेव्हा घरटी एक तरी पोरगा एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेला. त्या रात्री सगळ्यांना वाटलं, हा आपलाच. हे परत बघायला मला आवडेल. उत्तरासाठी नाही.

मामांचं हे म्हणणं मला तिथल्या तिथे खोडता आलं नाही. बबिता ताडे यांचंच बघा. अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत महिन्याला दीड हजार रुपयांवर खिचडी शिजवणाऱ्या या बाई २०१९मध्ये एक कोटी जिंकल्या. त्यांना विचारलेला एकही प्रश्न आज कोणी सांगू शकणार नाही. त्यांची खिचडी मात्र सगळ्यांना आठवते.

मी : पण मग ते श्रेय खेळाचं कसं? तो तर मुलाखतीचा कार्यक्रम झाला.

मामा : इथेच तुम्ही लोक चुकता. तुम्हाला टीव्हीवर दिसणारा माणूस तेवढा दिसतो. अमिताभ बच्चन दिसतो, अन्नू कपूर दिसतो. ज्याने खेळ बांधला, तो दिसत नाही. 'करोडपती'चा खेळ मूळचा विलायतेचा. सेलॅडोर कंपनीने १९९८ला तिकडे सुरू केला. संगीत, दिवे, समोरासमोरच्या खुर्च्या, दहा हजारांचा टप्पा, तीन लाख वीस हजारांचा टप्पा, हे सगळं ठरवून दिलेलं. इकडे आणलं सिद्धार्थ बसूंनी. बाहेरून आलेल्या साच्यात त्यांच्या हातात उरलं काय? हॉट सीटवर कोण येणार आणि त्याच्याशी कसं बोलायचं, एवढंच. तेवढ्यात त्यांनी तो कार्यक्रम आपला केला.

मी : तेच बसू १९८५ला 'क्विझ टाइम' करायचे. इंग्रजीतून, कॉलेजांच्या संघांसाठी. त्यात खानदेशातल्या पोरांना जागा होती का?

मामा : नव्हती. मला निम्मं कळतही नव्हतं. तरी बघायचो. एवढं माहीत असलेली पोरं असतात, हे बघायलाच बसायचो. पण तोच माणूस पंधरा वर्षांनी हिंदीत आला आणि त्याने फोनची लाइन सगळ्या देशाला उघडून दिली. हे अंतर एका माणसाने कापलं. त्याच्यावर कोणी दोन ओळी लिहिल्यात का मराठीत?

मी : त्याच सुमाराला 'कमजोर कडी कौन' पण आलं होतं ना? नीना गुप्ता चष्म्यातून बघत माणसाला घरी पाठवायच्या.

मामा : तो खेळही विलायतेचाच, आणि बांधणी तशी पक्की. पण हरलेल्याला टोचून बाहेर काढायचं हे आपल्याकडे रुजलं नाही. 'करोडपती'त हरलेल्याचा हात हातात घेऊन निरोप देतात. म्हणून म्हणतो, निर्माता बघावा. हरणाऱ्याला तो कसा वागवतो, त्यावरून कार्यक्रम ओळखावा.

हे वाक्य मी लिहून घेतलं. मी इतकी वर्षं या कार्यक्रमांकडे बक्षिसाच्या बाजूने बघत होते : कोणी किती जिंकलं, जाहिरातदाराने किती कमावलं. पण दर भागात जिंकणारा एक, हरणारे अनेक. कार्यक्रमाचा बहुतेक वेळ हरणाऱ्यांवरच जातो, तेव्हा त्यांना कसं वागवलं हीच त्याची खरी परीक्षा. निर्मात्यावर भिस्त ठेवायला मात्र मी अजूनही तयार नव्हते.

मी : निर्मात्याचं कौतुक करताना अमेरिकेतलं 'ट्वेंटी-वन' विसरू नका. १९५६ची गोष्ट. डॅन एनराइट नावाचा निर्माता स्पर्धकांना आधीच उत्तरं द्यायचा, कुठे घाम पुसायचा हेसुद्धा शिकवायचा. चार्ल्स व्हॅन डोरेन हा विद्यापीठातला शिक्षक त्यातून देशाचा लाडका झाला आणि १९५९मध्ये त्याला संसदेच्या समितीपुढे कबुली द्यावी लागली. लोक जो माणूस बघत होते, तो निर्मात्याने घडवलेला होता.

मामा : मग तो भाग जपायला नको? उलट जास्त जपायला हवा. फसवणूक कशी झाली हे परत बघितल्याशिवाय कळणार कसं?

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून त्यांना तिकडची दुसरी बाजूही सांगितली. तिकडे जुने भाग गावोगावच्या लहान स्टेशनांना विकायची पद्धत आहे, म्हणून एकच खेळ वर्षानुवर्षं दुपारच्या वेळी लागत राहतो. मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या जोडीने 'व्हॉट्स माय लाइन', 'द प्राइस इज राइट', 'फॅमिली फ्यूड' असे खेळ काढले. १ डिसेंबर १९९४ला 'गेम शो नेटवर्क' हे फक्त खेळांचं चॅनल निघालं, ते बरंचसं या दोघांच्या साठ्यावर उभं राहिलं. रात्री उशिरा काळ्यापांढऱ्या रंगातले पन्नासच्या दशकातले भाग लागायचे, आणि ते आवडीने बघणारी माणसं होती. पण त्याच देशात मर्व्ह ग्रिफिनने १९६४ला सुरू केलेल्या 'जेपर्डी'च्या पहिल्या अकरा वर्षांतले बहुतेक भाग पुसले गेले. टेप महाग होती, पुन्हा वापरता यायची. खेळाचा निकाल लागला म्हणजे त्याचं काम झालं, असा सगळा हिशेब.

मामा : आपल्या दूरदर्शननेही तेच केलं.

मी : हो. मोठ्या टेपवर जुनं पुसून नवं. सुरुवातीच्या काळातलं कितीतरी असंच गेलं. पुसायची वेळ आली की नाटक, गाणं वाचवायला कोणी तरी धडपडायचं. खेळाच्या बाजूने बोलायला कोणीच नसायचं.

मामा : आणि तू धुळ्याची असून हे असं थंडपणे सांगतेस!

रोख माझ्या लक्षात आला. राजवाडे संशोधन मंडळ माझ्या रोजच्या वाटेवर आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले आणि लगेच पुढच्या वर्षी हे मंडळ उभं राहिलं. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करायचे. बखरकारांनी रंगवून सांगितलेल्या हकिगतींपेक्षा त्या काळातलं साधं पत्र, हिशेबाचा कागद त्यांना मोलाचा वाटायचा. शंकर श्रीकृष्ण देवांनी अशीच रामदासी मठांमधली बाडं गोळा केली. ती धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. मी वर्गात मुलांना सांगते की राजाच्या सनदेइतकाच वाण्याच्या वहीचा कागद बोलतो. टीव्हीच्या बाबतीत हा न्याय लावायचं मला सुचलं नव्हतं, आणि मामांनी तो बरोबर माझ्यासमोर ठेवला. मालिका लिहून, पाठ करून, सजवून केलेली. खेळात मात्र अमळनेरची बाई किंवा मोतिहारीचा मास्तर त्याच्या स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या शर्टात येतो. शंभर वर्षांनी कोणाला १९९५ सालची माणसं कशी बोलत, काय ऐकून हसत हे बघायचं झालं, तर ते कुठे बघणार?

मी : कॅसेटींवर शेवटची नावं आहेत का? दिग्दर्शक, निर्माते?

मामा : नाहीत. नावं वर सरकायला लागली की मी बटण दाबायचो. टेप वाचवायला.

मी : म्हणजे तुम्हीही दूरदर्शनच्याच वाटेने गेलात.

मामा : टेप काय स्वस्त होती का बेटा? पण 'अंताक्षरी' गजेंद्र सिंगांची, एवढं पाठ आहे. झीवर १९९३ला आली. दिवाने, परवाने, मस्ताने असे तीन संघ. आपण लग्नाच्या वऱ्हाडात, एसटीच्या सहलीत खेळायचो तेच, पण त्यांनी त्यात धून ओळखायची फेरी घातली, बझर घातला, शिस्त आणली. मग त्यांनीच १९९५ला 'सा रे ग म' काढलं. आज गाण्याच्या स्पर्धांचं जे पीक आलंय, ते या माणसाच्या बांधावरचं.

पोस्टकार्डांचा विषय मीच काढला, कारण मामांकडे त्याच्याइतकी दुसरी पक्की आठवण नाही. 'सुरभि' १९९०ला सुरू झालं. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. कार्यक्रम देशातल्या कलांचा, पण प्रत्येक भागात एक प्रश्न, आणि उत्तर पोस्टाने पाठवायचं. एका आठवड्यात १४ लाख पत्रं आल्याची नोंद लिम्का बुकात आहे.

मामा : आकडा सोड. सकाळी टेबलावर जे पडायचं ते सांगतो. साधं कार्ड तेव्हा पंधरा पैशांचं. सुतळीने बांधलेले गठ्ठे, शिक्का मारता मारता मनगट दुखायचं. आता कार्ड उघडं, वाचायचं नाही म्हटलं तरी नजर जाते. उत्तर एका शब्दाचं. पण लोक अख्खं कार्ड भरायचे. 'रेणुकाताईंना सप्रेम नमस्कार' इथून सुरुवात. एकाने कपाशीला बोंडअळी लागल्याचं लिहिलेलं. एका बाईने कडेकडेने बारीक रेघांत रांगोळी काढलेली, पत्ता लिहायच्या जागेपर्यंत. एका पोराने लिहिलं होतं, उत्तर चूक असलं तरी कार्ड ठेवा. खात्याला हे ओझं परवडेना, म्हणून मग स्पर्धेसाठी वेगळं कार्ड काढलं, दोन रुपयांचं.

मी : पंधरा पैशांवरून दोन रुपये. म्हणजे शेतमजुराचं पोरगं बाद.

मामा : कार्डं कमी झाली, हे खरं. पण ज्याला पाठवायचं होतं त्याने पाठवलं. दोन-तीन घरं मिळून एक कार्ड पाठवायची, खाली सगळ्यांची नावं.

ती कार्डं आज कुठे असतील? कुठेच नसणार. १४ लाख कार्डं कोण ठेवील? मला मात्र पेशव्यांच्या दप्तरासारखं त्या कार्डांचंही एक दप्तर असायला हवं होतं असं आता मनापासून वाटतं. देशभरातल्या लोकांनी आपल्या हस्ताक्षरात टीव्हीला लिहिलेलं एवढं दुसरं काहीही नाही.

दुपारनंतर मामी बाहेर येऊन बसल्या आणि बोलणं 'होम मिनिस्टर'कडे वळलं. २००४ साली, तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे अठरा वर्षांच्या आसपास चालला. संध्याकाळी सहाला आदेश बांदेकर कोणाच्या तरी दारात उभे राहायचे, घरच्या बाईला वहिनी म्हणायचे, आणि जिंकणारीला पैठणी मिळायची. माझा सगळ्यात मोठा आक्षेप याच कार्यक्रमावर.

मी : नवऱ्याचं नाव घ्या, उखाणा घ्या, सासूबद्दल चार गोड शब्द बोला, मग पैठणी. बाईने शिक्षण घेतलंय, नोकरी करते, त्याचं काय? आणि शेवटी २०२२ला 'महामिनिस्टर' म्हणून अकरा लाखांची पैठणी! खेळाचं पार प्रदर्शन झालं.

मामा : अकरा लाखांचं मलाही पटलं नाही. पैठणी साधी हवी, येवल्याच्या मागावरची. पण बाकीचं नाही पटत. तुझ्या मामीला विचार, त्याआधी टीव्हीने दोन खोल्यांच्या घरातल्या बाईचं स्वयंपाकघर कधी दाखवलं होतं? ती कपाटात साड्या कशा ठेवते, तिला गाता येतं हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं, हे कधी दाखवलं होतं?

मामी म्हणाल्या, ''टीव्हीवरचं जाऊ द्या. आमच्या कॉलनीतलं कोणी का काढत नाही?''

त्या म्हणाल्या ते खरं. खानदेशात या कार्यक्रमाचं खरं पुनःप्रसारण टीव्हीवर झालंच नाही. ते झालं मोकळ्या मैदानात, 'खेळ पैठणीचा' या नावाने. नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपती, महिला दिन. जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांत कारण कुठलंही चालतं. मंडप, मोठे स्पीकर, आणि गावातलाच एखादा निवेदक, कुर्ता घालून, बांदेकरांच्या चालीवर सगळ्यांना वहिनी म्हणणारा. आधी संगीत खुर्ची, मग फुगे फुगवणं, मग एका मिनिटात केसांत जास्तीत जास्त स्ट्रॉ खोवायचे किंवा जोडीदारणीच्या चेहऱ्यावर टिकल्या लावायच्या. गाळत गाळत चारजणी उरतात, मग उखाण्यांची फेरी. साठीच्या बायका पदर खोचून पळतात, अहिराणीत एकमेकींना ओरडून सांगतात, आणि पहिल्या रांगेतल्या सुना सासूच्या नावाने शिट्ट्या मारतात. पैठणी एकीला, बाकीच्यांना स्टीलचा डबा. मंडपावर मात्र नगरसेवकाचा फोटो, आणि निवडणूक जवळ आली की पैठण्यांची संख्या वाढते.

मी : तो फोटो बघितला की माझा उत्साह जातो.

मामी : फोटोकडे कोण बघतं? आमच्या कॉलनीतल्या खेळात मी पळाले होते.

मामा : तिचं शूटिंग आहे. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा होता, त्याच्याकडे लहान कॅसेटी होत्या. तो म्हणतो, पाऊसपाण्यात बुरशी धरली असेल, पण सगळ्या असतील. बेटा, ते सगळं काढून गणपतीत पडद्यावर लावू. अख्खी कॉलनी बसेल.

इथे आमचं खरं बिनसलं.

मी : लावायचं नाही, मामा. कॉपी करायची, नावं-तारखा लिहून ठेवायच्या, इथवर मी तुमच्या बाजूने. पण त्या बायका त्या संध्याकाळी, त्या मैत्रिणींसमोर हसल्या होत्या. एकीला निवेदकाने विचारलं होतं, सासर आवडतं की माहेर. ती गमतीत काय बोलली, त्यावरून पुढे घरात आठवडाभर अबोला होता, हे मामींनीच सांगितलं. तेच आज कोणी मोबाइलवर घेतलं आणि गावभर फिरवलं तर? टीव्हीवाल्यांनी निदान कागदावर सही घेतलेली असते. या बायकांना कोणी विचारलंय?

मामा : तू राजवाड्यांचं सांगतेस. त्यांनी काय मेलेल्यांना विचारून पत्रं छापली?

मी : ती माणसं जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाली होती. या बायका उद्या भाजीबाजारात भेटणार आहेत.

मामा : मग कुलूप लावून ठेवायचं? ज्यांचं आहे त्यांनाच दाखवायचं नाही?

मी : त्यांनाच आधी दाखवायचं. प्रत्येकीला तिचा तुकडा. मग तिने सांगावं.

मामी : मी सांगते आत्ताच. माझं लावा. पण स्ट्रॉ खोवतानाचं नको, पळतानाचं लावा.

मामा : आणि जी नाही म्हणेल तिचं पुसू?

मी : पुसायचं नाही. लावायचं नाही.

मामांनी बराच वेळ विचार केला. त्यांना हे पूर्ण पटलेलं नाही, अजूनही नाही. त्यांच्या मते दाखवल्याशिवाय जपणं म्हणजे पोस्टात आलेलं पत्र पेटीतच ठेवण्यासारखं. मला वाटतं पत्र कोणाच्या नावाचं आहे हे आधी बघावं. तूर्त एवढं ठरलं आहे की शूटिंगवाल्या पोराकडच्या कॅसेटी आणि मामांच्या व्हीएचएस आधी एकत्र करायच्या, धुळ्यात एकाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर आहे तो आणायचा, आणि मामींनी त्या संध्याकाळी मैदानात कोण कोण होतं त्याची यादी करायची. यादी सुरू झाली आहे. निवेदकाचं आणि मंडप बांधणाऱ्याचं नावही त्यात घालायचं, असा मामांचा आग्रह आहे, आणि त्याला माझी काही हरकत नाही.